आईची ईयूएस आहे आणि भावाने गोळी बंद केलीय

पत्र असं आहे:

"ताई, आई 62 वर्षांची, कराडला असते. चार वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलंय. गेल्या दोन महिन्यांत तीनदा पोटात जोरात दुखलं, लिव्हरच्या टेस्ट वाढलेल्या आल्या, सोनोग्राफीत पित्तनळी 11 मिलिमीटर फुगलेली दिसली आणि एमआरसीपीच्या (पित्तनळीच्या एमआरआयच्या) रिपोर्टमध्ये नळीचं खालचं टोक नीट दिसत नाही असं लिहिलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी आता एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (ईयूएस) सांगितलंय, पुढच्या गुरुवारी. आईला शुगर आहे, दीड वर्षापूर्वी हार्टला स्टेंट बसवलाय. भावाने नेटवर वाचून तिची रक्त पातळ करायची गोळी परवापासून बंद केली. मामा म्हणतात, हे सगळं कॅन्सरसाठीच करतात, आईला सांगू नका, साधी सोनोग्राफी आहे म्हणा. सहा वर्षांपूर्वी तिची शुद्धीवर असतानाच दुर्बीण केली होती, तेव्हापासून दुर्बिणीचं नाव काढलं तरी ती रडते. काय करू? – कराडची लेक"

तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. पत्र वाचल्यावर पहिलं काम मी तेच केलं, तुला दोन ओळींचा निरोप पाठवला की गोळीचं आजच्या आज कार्डिओलॉजिस्टना विचार. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण मी एकोणीस वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर म्हणून काम केलंय आणि ही गोळीची गडबड घेऊन आलेली माणसं मी इतक्यांदा बघितली आहेत की आता सगळ्यांसाठी एकदा नीट लिहायलाच हवं.

स्टेंटच्या पेशंटला पुष्कळदा एकच गोळी दिलेली असते आणि तिच्यात दोन औषधं असतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरी आपण तिला नुसतं "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो. आईच्या गोळीचं पाकीट उलटं करून मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाच, दोन नावं दिसली तर समज. आता ईयूएस करताना दुर्बिणीतून सुई घालून तपासायला तुकडा घ्यायचा असेल तर डॉक्टर साधारण 5 ते 7 दिवस आधी क्लोपिडोग्रेल थांबवायला सांगतात, पण ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, कारण स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून तेवढा तरी आधार लागतो. आईची गोळी अशी असेल तर भावाने अख्खी गोळी बंद केली म्हणजे दोन्ही औषधं एकदम बंद झाली. त्याने आईच्या काळजीनेच केलं असणार, त्याला रागावू नकोस, पण थांबवायचं का, कधीपासून, त्याऐवजी नुसती ॲस्पिरिनची वेगळी गोळी द्यायची का आणि मूळची गोळी परत कधी सुरू करायची हे हार्टचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं असतं. ते कागदावर लिहून घे. तोंडी घेतलेलं गडबडीत विसरतं, विशेषतः परत सुरू करायची तारीख.

आणि मुळात ही गोळी थांबवायची गरज आहे का, हे एका प्रश्नावर ठरतं. पुण्याला फोन करशील तेव्हा हाच प्रश्न विचार: "गुरुवारी तुम्ही फक्त बघणार आहात, का काही करणार पण आहात?"

बघ, ईयूएसमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे नुसतं आतून बघणं, त्यात कुठे कापाकापी नाही, टोचणं नाही, आणि त्यासाठी रक्त पातळ करायची औषधं सहसा थांबवत नाहीत. दुसरं म्हणजे काही शंकास्पद दिसलं तर त्याच दुर्बिणीतून अगदी बारीक सुई घालून नमुना घेणं, एफएनए किंवा एफएनबी म्हणतात. तिसरं म्हणजे पित्तनळीत खडा सापडला तर त्याच भुलेत लगोलग ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनळीच्या तोंडात शिरून, तो काढणं, काही ठिकाणी असं करतात, काही ठिकाणी ईआरसीपीला वेगळी तारीख देतात. या तिन्हीत गोळ्यांचा हिशोब वेगळा, लागणारा वेळ वेगळा, खर्च वेगळा, रिपोर्ट यायला लागणारे दिवस वेगळे. लोक आम्हाला विचारतात काय, तर "सिस्टर, दुखेल का", "किती वाजता सोडाल". विचारा ना, जरूर विचारा, पण हा प्रश्न आठवडाभर आधी विचारला तर टेबलावर झोपल्यावर "अहो, यांनी गोळी चालूच ठेवलीय, आज सुई नाही घालता येणार, परत या" असं ऐकायची वेळ येत नाही.

आता ही तपासणी आहे तरी काय आणि सोनोग्राफी आणि एमआरसीपी झाल्यावर परत हिची गरज का. ही दुर्बीण म्हणजे दिसायला आपली नेहमीची एंडोस्कोपीची नळीच, फक्त जरा जाड, करंगळीएवढी, आणि तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटासा प्रोब बसवलेला असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना मध्ये चरबी येते, आतड्यातला गॅस येतो, आणि गॅस आला की सोनोग्राफीला पलीकडचं दिसतच नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे लपलेलं असतं आणि पित्तनळीचं खालचं टोक त्या स्वादुपिंडातूनच जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडतं. परसात काय चाललंय ते रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, पण स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत गेलं की हातभर अंतरावर दिसतं, तसंच हे आहे. दुर्बीण अन्ननलिकेतून जठरात, तिथून लहान आतड्याच्या तोंडाशी नेतात आणि तिथून ती नळी, ते स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे असतं.

एमआरसीपी चांगली तपासणी आहे, पण 4-5 मिलिमीटरपेक्षा बारीक खडा किंवा नळीच्या अगदी टोकाला अडकलेला खडा तिच्यात सुटू शकतो, आणि आईच्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच टोक दिसत नाही म्हटलंय. मग सरळ ईआरसीपीच का नाही करत, हा प्रश्न तुझ्या मामांना पडेलच. कारण ईआरसीपीत नळीच्या तोंडातच शिरावं लागतं आणि त्यानंतर काही पेशंटच्या स्वादुपिंडाला सूज येते, ती कधी कधी त्रासदायक ठरते. म्हणून नळीत खरंच काही आहे का हे आधी ईयूएसने बघायचं आणि असेल तरच ईआरसीपी. नसेल तर आईची ती जोखीम वाचली. डॉक्टरांनी उगाच एक तपासणी वाढवलीय असं मनात आणू नकोस, मला तर हा विचार करून दिलेला सल्ला वाटतो.

कॅन्सरचं. तुला खोटं सांगणार नाही, फुगलेल्या पित्तनळीमागे नळीच्या तोंडाशी किंवा स्वादुपिंडात गाठ नाही ना, हेही या तपासणीत बघतात. पण "हेही" म्हणतेय मी. पित्ताशय काढल्यावर आणि वयानुसार नळी थोडी रुंदावतेच, काहींची 10 मिलिमीटरपर्यंत असते आणि त्यांना काही त्रास नसतो. आईला दुखतंय आणि लिव्हरच्या टेस्ट वाढल्यात म्हणून कारण शोधायचंय, आणि पित्ताशय काढलेल्या माणसात नळीत राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा हे अगदी नेहमी दिसणारं कारण आहे. आमच्याकडे ईयूएसला येणारे कितीतरी जण खड्यासाठी, स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेसाठी, जठराच्या भिंतीत दिसलेल्या साध्या फुगवट्यासाठी यायचे. तपासणीच्या नावावरून आजार ठरवायचा नाही.

तयारीकडे येते. पोट रिकामं पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साताऱ्याकडच्या एक आजी मला अजून आठवतात, पहाटे तीनला निघून आल्या होत्या, नातू बरोबर. मी विचारलं, काही खाल्लं का, तर म्हणाल्या नाही गं बाई, उपाशीच आहे. कागद भरून झाले, हाताला सुई लावली, आणि भूलतज्ज्ञांनी परत विचारलं तेव्हा सहज म्हणाल्या, "वाटेत गाडी थांबली तेव्हा अर्धा कप चहा घेतला तेवढाच." दुधाचा चहा. त्यांच्या दृष्टीने चहा म्हणजे खाणं नव्हेच. भुलेत पोटातलं दूध वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून दुधाचा चहा अन्नातच धरतात, आणि आजींना दुपारपर्यंत बसावं लागलं, तहानलेल्या, वैतागलेल्या. त्यांचा काय दोष, कुणी "चहा पण नाही" असं सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी "उपाशी या" असं कधी म्हटलं नाही, "चहा, दूध, बिस्कीट, दाण्याचा लाडू काही नाही" असं नाव घेऊन सांगायचे.

तर आईला आदल्या रात्री आठच्या सुमारास हलकं जेवण दे, वरणभात, मऊ खिचडी, तळलेलं आणि मटण-बिटण नको. त्यानंतर काही खायचं नाही, सर्वसाधारण नियम 6 ते 8 तासांचा आहे. साधं पाणी बहुतेक ठिकाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या हॉस्पिटलने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, माझं नाही. तंबाखू, मिश्री, सुपारी यातलं काही असेल तर तेही सकाळी बंद, बायका मिश्रीचं सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

शुगरचं जास्त जपायला हवं. फोनवर सांगून टाक की पेशंटला डायबेटिस आहे, सकाळचा पहिला नंबर द्या, बहुतेक ठिकाणी देतात. उपाशी असताना सकाळची शुगरची गोळी साधारणपणे घेत नाहीत, इन्शुलिन असेल तर किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घे. आणि एक गोष्ट जी पुष्कळांना माहीत नसते, हार्टच्या शुगरवाल्या पेशंटना हल्ली डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी देतात, ती उपाशीपोटी भूल द्यायच्या आधी साधारण 3 दिवस थांबवायला सांगतात, कारण उपाशी राहिल्यावर शुगर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढू शकतं. आईच्या पाकिटांवर हे नाव दिसलं तर फोनवर नक्की विचार. वजन किंवा शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड वगैरे, चालू असेल तर तेही सांग, त्याने अन्न पोटात जास्त वेळ राहतं. बीपीची गोळी मात्र बऱ्याचदा पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, ते विचारून घे. निघताना ग्लुकोमीटर पर्समध्ये टाक. वाटेत आईला घाम सुटला, हात थरथरले तर तिथेच शुगर बघ, 70 च्या खाली असेल तर साखरपाणी दे आणि पोहोचल्यावर सांग. तपासणी तासभर उशिरा झाली तरी चालेल, आईला वाटेत चक्कर येऊन चालणार नाही.

सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. "ती पांढरी छोटी गोळी" असं सांगू नकोस गं, पांढऱ्या छोट्या गोळ्या शंभर आहेत. एमआरसीपीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्म पण घे, ऑपरेशनचं जुनं डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही. कवळी असेल तर एखादी स्टीलची डबी बरोबर घे, हलणारा दात असेल तर आधीच सांग, कारण तोंडात प्लास्टिकचा माउथपीस धरायचा असतो. नखांना नेलपेंट नको, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र घरी काढून ठेवायला आई तयार नसेल, बऱ्याच जणी नसतात, तर तिथे काढून तुझ्या हातात द्यायचं असं आधीच ठरवा, तिला ऐनवेळी वाईट वाटायला नको.

पैशाचं थोडक्यात. एस्टिमेट घेताना सुई घातली तर किती, भूलतज्ज्ञ वेगळे का, पॅथॉलॉजी वेगळी का, आणि त्याच वेळी ईआरसीपी झाली तर किती, हे चारही आकडे माग. मेडिक्लेम असेल तर फक्त तपासणीसाठी ॲडमिशन म्हणून पुष्कळ पॉलिसी पैसे देत नाहीत, टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधल्या विम्याच्या खिडकीवर) आधी विचार, डॉक्टरांच्या पत्रात कारण नीट लिहिलेलं असू दे.

आता आईची भीती, आणि मला सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिला जे झालं ते खरंच वाईट होतं. नुसता घशात स्प्रे मारून शुद्धीवर दुर्बीण करतात, अनेकांची पाच मिनिटांत होऊन जाते, पण काहींना उमाळे येतात, श्वास कोंडल्यासारखा वाटतो, आणि त्यावेळी कुणी खांद्यावर हात ठेवून "नाकाने श्वास घ्या, लाळ गिळू नका, वाहू द्या" असं सांगायला नसेल तर ती भीती वर्षानुवर्षं जात नाही. ती उगाच रडत नाहीये. पण ईयूएस बहुतेक सगळीकडे शिरेतून झोपेचं औषध देऊनच करतात, कारण दुर्बीण जाड आणि वेळ जास्त, साधारण 15 ते 30 मिनिटं, सुई घातली तर त्याहून थोडा जास्त. तू फोनवर हेही विचार की भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ हजर असतील का, आणि त्यांना स्पष्ट सांग की मागच्या वेळी आईला फार त्रास झाला होता. घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दमा असेल तर तेही सांग. चार्टवर हे लिहिलेलं असलं की आतली माणसं वेगळं वागतात, मी स्वतः वागलेय.

मग आईला सांगायचं का? माझं स्पष्ट मत, सांगायचं. मामांचा हेतू चांगला आहे, पण नुसती सोनोग्राफी म्हणून आणलेल्या बाईला आत नेल्यावर ती काळी नळी टांगलेली दिसते, आणि तिथे तिला कळतं की घरच्यांनी फसवलं. मी असे चेहरे बघितलेत. मग ती माउथपीस धरत नाही, हात ढकलते, आणि बीपी दोनशेच्या घरात जातं. शिवाय सही तिचीच लागते, तिच्या शरीराची गोष्ट आहे. तेव्हा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बस आणि क्रमाने सांग. हाताला सुई लावतील. घशात कडवट औषध मारतील, त्याने घसा जड होतो, गिळता येत नाहीये असं वाटतं पण श्वास चालू असतो. डाव्या कुशीवर झोपवतील, नाकाला ऑक्सिजनची नळी, तोंडात माउथपीस. मग औषध देतील आणि यावेळी झोपवूनच करतील, मागच्यासारखं नाही. तिने कॅन्सर का म्हणून विचारलं तर म्हण, पित्ताच्या नळीत खडा आहे का आणखी काही, तेच बघायचंय, अजून कुणालाच माहीत नाही. हे खरंच आहे.

जोखीम विचारलीस तर, नुसतं बघण्यात गंभीर काही होणं फार क्वचित, भोक पडण्यासारखं हजारात एकापेक्षाही कमी. सुई घातली तर थोडा रक्तस्राव, इन्फेक्शन, स्वादुपिंडाला सूज हे होऊ शकतं, तेही थोड्या जणांना. घरी आल्यावर एक-दोन दिवस घसा खवखवणं, पोट फुगणं चालतं. पण पोटात किंवा छातीत वाढत जाणारं दुखणं, ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन. आणि गुरुवारच्या आधीच थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले तर गुरुवारची वाट बघूच नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. अडलेल्या पित्तनळीत इन्फेक्शन झालं की ते फार वेगाने पसरतं.

त्या दिवशी संध्याकाळी आईला एकटं ठेवायचं नाही, बाइकवर मागे बसवून आणायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बँकेचे, जमिनीचे कुठले कागद सहीला पुढे करायचे नाहीत. डॉक्टर तपासणीनंतर लगेच येऊन काय दिसलं ते सांगतात, आई मान हलवेल, हो हो म्हणेल, आणि तासाभराने तिला त्यातलं काही आठवणार नाही, त्या औषधाने तसंच होतं. म्हणून तेव्हा तू तिथे हवीस, चहाला खाली गेलेली नकोस. फोनमध्ये लिहून घे: काय दिसलं, नमुना घेतला का, रिपोर्ट कधी, गोळी कुठल्या तारखेपासून सुरू.

शुद्धीवर येताना बहुतेक जण एकच विचारतात, झालं का? आणि मग पाणी मागतात. झालं म्हणून सांग, हात धर, पण पाणी सिस्टरने सांगितल्याशिवाय देऊ नकोस, घसा बधिर असतो तोवर ठसका लागतो.